कसं लागतंय, लिफ्टवाले?

आमच्या बुवांचं नाक मेलं तेव्हा मी त्यांच्यापासून सहा फुटांवर झोपत होतो, आणि आठ महिने मला त्याचा पत्ता लागला नाही. मेलं म्हणजे दिसायला ते जागच्या जागी होतं. चांगलं भरदार, शेंड्याला जरा लालसर, जाड काचांचा चष्मा पेलणारं नाक. सर्दीत गळायचं, घोरण्यात मनापासून भाग घ्यायचं. फक्त वास घेणं तेवढं त्याने सोडलं होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी किती गाढवपणा केला ते तुम्हाला नीट बघता येईल.

बुवा आचारी होते. परदेशातल्या एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये नऊशे माणसांचं रोजचं जेवण सहा आचाऱ्यांच्या हातून जायचं, त्यातले ते एक. मी त्याच कारखान्याच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारा. कंपनीने आम्हा दोघांना मिळून चौथ्या मजल्यावर एक खोली दिली होती. दोन लोखंडी खाटा, एक कपाट, एका शेगडीपुरता ओटा आणि एक खिडकी, जी उघडली की दोन हातांवर समोरच्या इमारतीची भिंत. "हवा नको असेल तेव्हा उघडत जा," बुवा म्हणायचे. ते मला 'लिफ्टवाले' म्हणायचे आणि कायम अहो-जाहो करायचे. एका खोलीत राहायचं तर माणसांनी अंतर ठेवावं असं त्यांचं मत होतं, आणि दुसरं कुठलं अंतर ठेवायला त्या खोलीत जागाच नव्हती.

बुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जेवणावर बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा, उजवा हात वर जायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि साध्या पांढऱ्या भातावर पाऊण तास निरूपण व्हायचं. शेवटी आपण टाळ्या वाजवायच्या की पाया पडायचं ते कळायचं नाही. त्यातलं मुख्य तत्त्व एकच होतं: आचाऱ्याने चाखू नये. पातेल्यात चमचा घातला, तो तोंडाला लावला, की ते अन्न उष्टं झालं. मग ते नऊशे माणसांना कुठल्या तोंडाने वाढायचं? "चाखून स्वयंपाक करणारा आचारी आणि शेजाऱ्याच्या पेपरात बघून पास होणारा मुलगा, दोघं एकाच बाकावरचे," असं ते म्हणायचे. मग आपल्याला कळायचं कसं? नाकाने. बुवा झाकण बोटभर सरकवायचे, एक श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "मीठ चिमूटभर कमी आहे." मला ही थाप वाटायची. मी पैजा मारल्या आणि सगळ्या हरलो. मिठाला वास नसतो हे शाळेत शिकलेला मी, आणि मिठाने कांद्याचा वास बदलतो हे पातेल्यावर शिकलेले बुवा. आमच्या दोघांत शिकलेला कोण, हे दर रविवारी ठरायचं.

तर हे सगळं उघड व्हायच्या आठ महिने आधी बुवा शीतखोलीत स्टुलावर चढले होते, स्टूल सरकलं आणि ते डोक्याच्या मागच्या बाजूवर पडले. दोन दिवस दवाखान्यात होते. परत आले ते डोक्याला पांढरं बँडेज बांधून. आम्ही मजल्यावरच्या सगळ्यांनी ओळीत उभं राहून त्यांना सलामी दिली, तेही राजासारखे हात हलवत आत गेले. तिसऱ्या दिवशी कांदा परतताना त्यांच्या लक्षात आलं की कांदा नुसता आवाज करतोय. ते गुपचूप बाहेरच्या एका डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, मार लागलाय, वास परत येईल किंवा येणार नाही. "एवढं तर बसच्या थांब्यावरचा माणूसही सांगतो," बुवा मला म्हणाले. पण हे म्हणाले ते फार नंतर, सगळं संपल्यावर.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून चालणार नव्हतं. त्यांच्या तिथल्या कामाच्या परवान्यावर 'आचारी' असं लिहिलेलं. आचारी नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर विमान. आणि विमानाच्या दुसऱ्या टोकाला वहिनी. वहिनींनी गावात खानावळीसाठी जागा बघून ठेवली होती, सहा टेबलं मावतील एवढी. बुवांनी अजून दोन वर्षं काढायची, मग घरी येऊन खानावळ उघडायची, असं दोघांचं सात वर्षांपासून ठरलेलं. पाटीसुद्धा रंगवायला दिली होती. पाटीवर बुवांचं नाव मोठं असावं की 'घरगुती' हा शब्द मोठा असावा, यावर दर रविवारी फोनवर नवरा-बायकोचं भांडण व्हायचं आणि निकाल लागू नये याची दोघंही काळजी घ्यायचे. म्हणजे नाक गेलं तर इथली नोकरी गेली, आणि तिथली खानावळही. बुवांजवळ तिसरं काहीच नव्हतं.

आता मला काय काय दिसत होतं ते सांगतो. पूर्वी माझे मोजे दाराबाहेर ठेवायला लावणारा हा माणूस एकाएकी काही बोलेनासा झाला. मला वाटलं, वय झालं की माणूस मवाळ होतो. एकदा त्यांनी नासलेलं दूध चहात ओतलं. मी म्हणालो, "बुवा, हा चहा आहे की पनीरचा रस्सा?" दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागले. मी विचारलं, "कुठं जमवताय का?" ते लाजल्यासारखं हसले. आपल्या घामाचा वास लोकांना येत असेल आणि आपल्यालाच कळत नसेल, या धास्तीने तो माणूस थंड पाण्याने आंघोळ करत होता.

आणि एका संध्याकाळी मी दार उघडलं तर गॅसचा भपकारा. दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, आणि शेगडीपासून चार हातांवर बुवा खाटेवर बसून शांतपणे नखं कापत होते. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि म्हणालो, "बुवा, वर जायचं असेल तर मला सांगायचं, मी लिफ्ट पाठवली असती. गॅसवर कशाला?" हा विनोद मी पुढे आठवडाभर सगळ्या मजल्यांवर सांगितला. बुवाही हसले होते. हसता हसता त्यांच्या हातातून नेलकटर दोनदा पडलं.

दर दोन वर्षांनी आचाऱ्यांचं कंत्राट संपायचं. ते वाढवायच्या आधी प्रत्येकाने एक नवा पदार्थ करून चार जणांच्या समितीला खाऊ घालायचा, अशी तिथली रीत. आम्ही त्याला 'नमुना' म्हणायचो. त्या वर्षी मॅनेजरबाईंनी नवीनच टूम काढली. शनिवारी कामगार कॅन्टीनचं जेवण टाकून रात्रबाजारात खायला जातात, हे त्यांना फार लागलं होतं. म्हणून त्यांनी आचाऱ्यांना सांगितलं, बाजारातला एखादा पदार्थ निवडा आणि आपल्या पातेल्यात उतरवून दाखवा.

बुवा त्या दिवशी खोलीत आले आणि मला म्हणाले, "लिफ्टवाले, शनिवारी बाजारात चला. खायला घालतो."

माझ्या आयुष्यात मला कुणी विनाकारण खायला घातलेलं नाही, पण मला संशय आला नाही. फुकट खाताना माझी अक्कल बाहेर चपला सांभाळत उभी असते.

बाजार बसडेपोच्या मागच्या लांबलचक रस्त्यावर भरायचा. शनिवारी सहा वाजता रस्ता वाहनांना बंद व्हायचा आणि दोन्ही बाजूंनी हातगाड्या लागायच्या. डोक्यावर बल्बांच्या माळा, खाली गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुलं, ज्यांवर बसलं की माणसाला स्वतःच्या पोटाचा खरा अंदाज येतो. कुठं लोखंडी सळ्यांवर मांस भाजलं जातंय, कुठं माणूस उभा राहील एवढ्या उंचीचे वाफेचे डबे, कुठं कढईत काहीतरी पडलं की सगळी गिऱ्हाइकं एक पाऊल मागे. पाट्या आम्हा दोघांना वाचता यायच्या नाहीत. आम्ही बोटाने दाखवायचो आणि जे हातात येईल ते खायचो.

"कसं लागतंय, लिफ्टवाले?"

"झकास."

"झकास ही चव नव्हे, झकास हा शेरा झाला. चव सांगा."

आता चव सांगणं हे काम मला कुणी जन्मात दिलं नव्हतं. आमच्या घरी जेवण झालं की 'पोट भरलं का' एवढाच प्रश्न असायचा. मी आपलं सुचेल ते फेकायला लागलो. "हे बघा बुवा, पहिल्या घासाला हा पदार्थ सासरा वाटतो आणि तिसऱ्याला मेव्हणा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आधी जरा जपून राहावंसं वाटतं, मग खांद्यावर हात टाकावासा वाटतो."

बुवांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. मला गुदगुल्या झाल्या. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं, तक्रारवही सोडली तर. मग मी सुटलोच. एका भज्याला मी निवृत्त हेडमास्तर म्हणालो. एका गोड लापशीला म्हणालो, ही नात्यातली ती मावशी आहे, जी गालाचा मुका घेते आणि सोडत नाही. मी थट्टा करत होतो, आणि समोरचा माणूस त्यातून धणे किती, वेलची किती ते शोधत होता.

शेवटी त्यांनी एका टपरीपाशी मुक्काम ठोकला. लाल टोपी घातलेली एक जाडजूड बाई, दोन मोठी पातेली. एकात पिठाचे वाफवलेले गोळे, दुसऱ्यात पातळ रस्सा. वाटीत चार गोळे घालून वर दोन डाव रस्सा ओतायची. लोकांची रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. बुवांनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. मग वाटी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, जसं परीक्षेच्या खोलीतून बाहेर आलेल्या मुलाकडे बाप पाहतो.

"आंबट आहे. मीठ बेताचं. घशाशी जरा चुरचुर. एवढं मला कळतंय," ते म्हणाले. "त्याच्या मागं काय आहे ते सांगा."

मला वाटलं बुवा माझी परीक्षा घेतायत. मी नाक वाटीत खुपसलं. "मागं धूर आहे."

"धूर?"

"म्हणजे कसं सांगू. किंचित लागल्यासारखं लागतंय."

आपल्या भाषेत भांड्याच्या तळाशी अन्न करपलं तरी ते लागतं, आणि जिभेला चव आली तरी ती लागते. ज्याने कुणी दोन्हींना एकच शब्द दिला त्याने कधी स्वयंपाक केला नसावा. मला मात्र ते वाक्य इतकं आवडलं की मी ते तीनदा म्हटलं. लागल्यासारखं लागतंय. बुवा हसले नाहीत. त्यांनी वाटी बल्बाखाली धरली आणि रस्सा निरखला.

"रंग तर उजळ आहे हो. लागलेल्या रश्श्याला असा रंग येत नाही."

"तीच तर गंमत आहे ना," मी सांगितलं. माणूस एकदा जाणकार झाला की मागे फिरत नाही.

बुवांनी खाणाखुणा करून त्या बाईला विचारलं, यात काय घालता. ती खळखळून हसली आणि त्यांच्या वाटीत आणखी एक डाव ओतला. तेवढंच उत्तर. घरी येताना बुवा वाटभर स्वतःशी बोलत होते. कांदा वेगळा जाळत असेल, मग गाळून घेत असेल, म्हणून रंग उतरत नाही. असंच असणार. लिंबं आपण बाहेरून आणू.

त्यानंतर तीन शनिवार आम्ही त्याच टपरीवर गेलो. दर वेळी त्याच दोन स्टुलांवर बसलो, कारण तिथं बुवांना पाठ टेकायला भिंत होती. दर वेळी त्यांनी विचारलं आणि दर वेळी मी तेच सांगितलं. खोटं नाही सांगितलं, मला खरोखरच धुराचा वास येत होता. त्या स्टुलांच्या डाव्या हाताला सळ्यांवर मांस भाजणाऱ्याची कोळशाची शेगडी होती आणि तो तिला पुठ्ठ्याने वारा घालत असायचा. हे मला दिसत होतं. पण दिसणं आणि डोक्यात शिरणं यांच्यामध्ये माझ्याकडे बरेच मजले आहेत, आणि तिथली लिफ्ट मला कधी दुरुस्त करता आली नाही.

नमुन्याच्या दिवशी सकाळी कॅन्टीनमधली, जेवणाची भांडी वर नेणारी छोटी लिफ्ट अडकली. मला बोलावणं आलं. मी त्या कपाटाएवढ्या भोकात खांद्यापर्यंत शिरून दोरी सोडवत होतो. तोंडात पिन, हातात पाना, वर हवा ओढून नेणारा मोठा पंखा घोंघावतोय. बुवांची शेगडी माझ्या पायांपासून आठ-दहा फुटांवर. थोड्या वेळाने मला वास आला. पातेलं तळाला लागलं होतं.

"बुवा, लागलंय," मी आतून ओरडलो.

बुवांचे बूट जवळ आले. मला तेवढेच दिसत होते. "काय म्हणालात?"

"लागलंय म्हटलं."

"लागलंय? अगदी तसंच?"

तोंडातली पिन सांभाळत मी म्हणालो, "तसंच काय, चांगलंच लागलंय."

आपलं पातेलं करपतंय हे आचाऱ्याला दुसऱ्याने सांगावं लागत नाही, असं मी समजून चाललो होतो. बुवांना ते कधीच कळलं असणार, ते माझी मजा करतायत, म्हणून मीही मजा केली. बूट क्षणभर जागेवर उभे राहिले. मग इतक्या हलक्या पावलांनी परत गेले की पन्नाशी उलटलेल्या माणसाचे बूट असे चालतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. आठ महिन्यांत बुवा तेवढेच एकदा खूश झाले असावेत.

मी भोकातून बाहेर आलो तेव्हा चार वाट्या टेबलावर गेल्या होत्या. मॅनेजरबाई, वरच्या कचेरीतले एक गृहस्थ आणि कामगारांचे दोन प्रतिनिधी. बुवा टेबलाच्या बाजूला हात मागे बांधून, धुतलेला एप्रन घालून उभे. कचेरीतल्या गृहस्थांनी पहिला घोट घेतला आणि अदबीने वाटी खाली ठेवली. एका प्रतिनिधीने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसरा हसायला लागला, त्याला वाटलं ही काहीतरी चेष्टा आहे. मॅनेजरबाई उठल्या, शेगडीपाशी गेल्या, डाव घालून पातेल्याचा तळ खरवडला. डावावर काळे पापुद्रे आले.

"हे जळलंय. तुम्हाला वास आला नाही?" त्यांनी त्यांच्या भाषेत विचारलं.

"बाजारात असंच असतं," बुवा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अजूनही आनंदी होता, नुसता जरा गोंधळलेला.

बाई काही मूर्ख नव्हत्या. त्यांनी फळीवरून दोन डबे काढले आणि बुवांना डोळे मिटायला सांगितलं. बुवांनी मिटले. नऊशे माणसांचं जेवण करणारा माणूस, लहान मुलासारखे घट्ट डोळे मिटून. बाईंनी एक डबा उघडून त्यांच्या नाकाखाली धरला. माझ्यापर्यंत वास आला. कॉफी.

बुवांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग डोळे न उघडता मराठीत म्हणाले, "लिफ्टवाले, आहात ना इथं?"

तेव्हा, त्या एका वाक्याने, मला सगळं कळलं. मोजे, दूध, गॅस, वही, सासरा आणि मेव्हणा. त्या खोलीत मराठी समजणारे आम्ही दोघंच होतो. एक शब्द सांगितला की भागणार होतं. आणि नेमका तो शब्द होता कॉफी, जो अख्ख्या जगाला कळतो. दुसऱ्या डब्यात दालचिनी होती. तो डबा बाईंनी आधी उचलला असता, तर मी खोकल्यासारखं करून सांगून टाकलं असतं. मी 'बुवा' एवढंच म्हणालो आणि अडलो. पेय म्हणू, काळी पूड म्हणू, सकाळी पितो ते म्हणू? असं काहीबाही जुळवेपर्यंत बुवांनी उत्तर दिलं.

"दालचिनी."

बाईंनी डबा बंद केला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बुवांच्या दंडावर हात ठेवला आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. गॅस सुटला तर कळणार नाही, अन्न नासलं तर कळणार नाही, नऊशे माणसांचा प्रश्न आहे. त्यांचं बरोबर होतं. त्यात एका शब्दाचीही चूक मला काढता आली नाही, आणि मी प्रयत्न केला. कंत्राट वाढणार नव्हतं. महिनाअखेरीला चौदा दिवस होते.

संध्याकाळी बुवा बूट न काढता खाटेवर बसले आणि त्यांनी मला स्टुलापासून डॉक्टरपर्यंत सगळं सांगितलं. आठ महिने ते भांडारघराच्या दाराआड जाऊन चमच्याने चाखत होते. चमचा तिथंच विसळायचे आणि बाहेर यायचे. "आईनं पाहिलं असतं तर लाटण्यानं बडवलं असतं," ते म्हणाले.

"मला आधी सांगायचं ना, बुवा."

"तुम्हाला? तुम्ही सगळ्या मजल्यांवर सांगितलं असतंत. वर नक्कल करून."

हे खरं होतं.

थोड्या वेळाने म्हणाले, "एक सांगा. बाजारातलं ते लागल्यासारखं लागत होतं, ते तरी खरं ना? की तीही थट्टा?"

"खरं. शपथ घेऊन सांगतो."

"मग ठीक आहे." त्यांनी बूट काढायला घेतले. "म्हणजे अंदाज बरोबर होता. जाळ जास्त झाला एवढंच. नाक असतं तरी हे कालवण अवघडच होतं."

त्या अवघडपणाला धरून बुवा चार दिवस बऱ्यापैकी राहिले. जेवले, झोपले. रविवारी वहिनींचा फोन आला. बुवांनी नाकाचं काही सांगितलं नाही. कंत्राट संपलं, येतोय, एवढंच म्हणाले. वहिनींचा आवाज फोनमधून माझ्या खाटेपर्यंत आला. "बरं झालं बाई. दोन वर्षं कशाला वाट बघायची? आल्या आल्या उघडू. भाऊजींना द्या जरा." मी फोन घेतला. "भाऊजी, पहिल्या दिवशी तुम्ही जेवायला यायचं. यांच्या हातचं तुम्ही इतकं खाल्लंय, तुम्हीच लोकांना सांगायचं कसं लागतं ते." मी हो म्हणालो. बुवा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खिडकीसमोर एक भिंत होती आणि आता त्यांनी दुसरी निवडली होती.

पुढच्या शनिवारी मी एकटाच बाजारात गेलो. का गेलो ते नक्की सांगता येणार नाही. निदान एकदा तरी नीट खावं, असं काहीतरी मनात होतं. लाल टोपीवाली बाई होती, रांग होती, आमची स्टुलं रिकामी होती. सळ्यांवर मांस भाजणारा त्या दिवशी आला नव्हता. त्याच्या जागेवर नुसता काळा डाग आणि थोडी राख. मी वाटी घेतली, घोट घेतला.

धूर नव्हता. काहीही लागलेलं नव्हतं. लिंबाची साल होती, किसून घातलेली. थोडं आलं होतं. बस. स्वच्छ, हलका, साधा रस्सा. आजारी माणसाला द्यावा तसा.

मी ती वाटी संपवली नाही. परत येताना जिन्यातच ठरवलं की सांगायचं नाही. चौथ्या मजल्यापर्यंत तसंच ठरलेलं होतं. आत बुवा खाटेवर कपडे मांडून बॅग भरत होते.

"बाजारात गेला होतात ना?" ते म्हणाले. "कपड्यांना वास येत असेल, मला काय कळणार. पण तुमच्या तोंडावर दिसतंय. कसं लागलं आज?"

मी आयुष्यभर लोकांना मजेसाठी हवं ते सांगत आलोय. त्या दिवशी एक खोटं हवं होतं, साधं, 'तसंच' एवढंच. मला ते आलं नाही.

"लिंबाची साल आहे, बुवा. किसलेली. आणि आलं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"धूर?"

"शेजारच्या शेगडीचा होता. तो आज आला नव्हता."

बुवांच्या हातात एक सदरा होता. त्यांनी तो घडी करायला घेतला, बाह्या मागे दुमडल्या, पुन्हा उलगडल्या.

"लिंबाची साल आणि आलं," ते म्हणाले. "पातेल्याला साल किती, आलं किती, हे मी सतराव्या वर्षी पाठ केलंय. माप ठरलेलं आहे. त्याला नाक लागत नाही, लिफ्टवाले. ते मी झोपेत केलं असतं."

"बुवा, मला शिव्या द्या."

"काय उपयोग," ते म्हणाले, आणि सदरा तसाच न घडी करता बॅगेत टाकला. मग बाकीचे कपडेही तसेच टाकले. बॅग लागेना, म्हणून त्यावर गुडघा ठेवून बसले. मी मदतीला उठलो तर हाताने नको म्हणाले.

गुरुवारी पहाटे ते गेले. मी त्यांना सोडायला गेलो नाही. सकाळपाळी आहे असं मी त्यांना सांगितलं होतं. माझी पाळी दुपारची होती.